पडद्यावरचं पाणी

काही चित्रपटांची गोष्ट आपण विसरतो, नायकाचं नाव विसरतो, दिग्दर्शक कोण होता तेही आठवत नाही. पण त्यातला एखादा पोशाख मात्र मनातून जात नाही. 'ब्रह्मचारी' हा मराठी चित्रपट १९३८ सालचा. तो संपूर्ण पाहिलेली माणसं आज फारशी सापडायची नाहीत. तरीही जुन्या मराठी चित्रपटांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "त्यात मीनाक्षीने स्विमिंग कॉस्च्यूम घातला होता, नाही का?" म्हणणाऱ्याचा जन्म त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी झालेला असतो. त्याला ते आजोबांकडून कळलेलं असतं, आणि आजोबांनी आजीच्या माघारी सांगितलेलं असतं.

आज मी बोलणार आहे ते या पोशाखाविषयी. विषय ऐकून काहींना हसू येईल, काही नाक मुरडतील. आमच्या घरी असं काही रेडिओवर लागलं असतं तर अब्बांनी उठून बटण फिरवलं असतं आणि बातम्या लावल्या असत्या. पण दोन-अडीच हात कापडाच्या या तुकड्यावरून गेली शंभर वर्षं पोलीस, सेन्सॉर, संसद आणि सासू एवढे सगळे अस्वस्थ होत आले आहेत, तेव्हा तो विषय अगदीच हलका नसावा.

'ब्रह्मचारी'पासूनच सुरुवात करू. कोल्हापूरच्या 'हंस पिक्चर्स'चा हा चित्रपट. दिग्दर्शन मास्टर विनायकांचं, नायकही तेच. कथा, संवाद आणि गीतं आचार्य अत्र्यांची. औदुंबर नावाचा एक साधा तरुण देशभक्त जटाशंकर यांचं ब्रह्मचर्यावरचं व्याख्यान ऐकून भारावतो. खोलीतल्या नट्यांच्या तसबिरी काढून टाकतो, दंड-बैठका सुरू करतो आणि ब्रह्मचाऱ्यांच्या संस्थेत दाखल होतो. पुढे किशोरी येते, आणि जटाशंकरांनी शिकवलेलं सगळं पाण्यात जातं. इथे 'पाण्यात जातं' हा शब्दप्रयोग अक्षरशः घ्यायचा, कारण औदुंबराची कसोटी लागते ती पाण्याकाठीच. यमुनेच्या पाण्यात कान्ह्याबरोबर खेळण्याचं ते गाणं मीनाक्षीने स्वतः गायलं होतं. संगीत दादा चांदेकरांचं.

आता यातली गंमत बघा. पोशाख सातासमुद्रापलीकडचा, पण ओठांवर यमुना आणि कान्हा. म्हणजे गवळणच की! आपल्याकडे तमाशात गण झाला की गवळण येते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या बायका, वाटेत अडवणारा कृष्ण, थट्टामस्करी, पाणी, घागरी, भिजणं. शाहिरांनी हे शेकडो वेळा लिहिलं, गावाने हजारो वेळा ऐकलं. पेशवाईतला आमचा सगनभाऊ, धंद्याने शिकलगार आणि जातीने मुसलमान, पण शृंगाराची लावणी त्यानेही लिहिली आणि ती कुणाला परकी वाटली नाही. अत्रे हे सगळं पोटात घेऊन बसलेले लेखक. त्यांनी नवा पोशाख जुन्या गवळणीच्या हाती दिला. प्रेक्षकाला धक्का बसला, पण तो आपल्याच अंगणात बसला. सरळ इंग्रजी धाटणीचं गाणं दिलं असतं तर लोकांनी ते दृश्य 'साहेबी थेर' म्हणून झटकून टाकलं असतं. गवळण कोण झटकणार?

आणि हे लिहिणारा माणूस कोण? पुण्यातला हेडमास्तर. ज्याच्या 'नवयुग वाचनमाले'तले धडे मराठी मुलांनी शाळेत गिरवले, तोच हा. अत्र्यांवर टीका झाली, अश्लीलतेचा शिक्का बसला. आणि टीका करणारेही चित्रपट पाहून आले. टीका करायची तर पाहायला नको का?

मीनाक्षीबाईंचं मूळ नाव रतन पेडणेकर. १९१६ चा जन्म. 'ब्रह्मचारी' आला तेव्हा त्या बावीस वर्षांच्या, लग्न झालेल्या, डॉ. शिरोडकरांच्या घरच्या सूनबाई होत्या. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्याआधी सहाच वर्षं, १९३२ मध्ये, 'अयोध्येचा राजा'त दुर्गाबाई खोटे आल्या तेव्हा चांगल्या घरातली शिकलेली बाई पडद्यावर येते हीच मोठी बातमी होती. त्यांनी दार उघडलं ते तारामतीच्या वेशात. सहा वर्षांत त्याच दारातून दुसरी विवाहित बाई पोहण्याच्या पोशाखात बाहेर आली. काळ हळूहळू बदलतो असं आपण म्हणतो, पण कधीकधी तो दोन-दोन पायऱ्या एकदम चढतो. नंतर मात्र पुष्कळ वर्षं तिथेच धापा टाकत बसतो.

सरकारने हे कसं चालू दिलं, असा प्रश्न पडेल. मुंबईत सेन्सॉर बोर्ड १९२० पासून होतं. पण गोऱ्या साहेबाची भीती वेगळी होती. व्ही. शांताराम आणि 'प्रभात'च्या मंडळींनी शिवाजी महाराजांवर चित्रपट काढला, त्याचं नाव 'स्वराज्याचे तोरण'. त्या नावाला हरकत आली आणि १९३० मध्ये तो 'उदयकाल' या नावाने प्रदर्शित करावा लागला. 'स्वराज्य' या शब्दाला कात्री आणि पोहण्याच्या पोशाखाला परवानगी! राज्यकर्त्याला कशाची भीती वाटते ते ओळखायचं असेल तर त्याची कात्री कुठे चालते ते बघावं.

एक गैरसमज इथेच दूर केला पाहिजे. बायकांचं पोहणं ही काही आपल्याकडे बाहेरून आलेली गोष्ट नव्हे. नदीकाठच्या, विहिरीकाठच्या गावांतून मुली पोहायला शिकत. पाठीला वाळलेला भोपळा बांधायचा आणि द्यायचं ढकलून. नऊवारीचा काचा घट्ट मारलेली बाई विहिरीत सूर मारायची, आणि त्याचं कुणाला अप्रूप नव्हतं. काचा मारलेलं लुगडं हा पोहण्याचा उत्तम पोशाख आहे, पाय मोकळे राहतात. अडचण पाण्याची नव्हती आणि उघड्या पायांचीही नव्हती. अडचण आली ती हजार पुरुष अंधारात बसून बघू लागले तेव्हा.

पश्चिमेत बायकांची स्थिती या बाबतीत आपल्यापेक्षा बरी होती असं समजू नका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिकडच्या बायका समुद्रात उतरायच्या त्या झगा, तुमान आणि पायांत मोजे घालून. कापड लोकरीचं. लोकर भिजली की किती जड होते ते घोंगडी धुणाऱ्याला विचारा. अशा पोशाखात बाईने पोहायचं नसतंच. दोरीला धरून दोन लाटा अंगावर घ्यायच्या आणि परत यायचं.

याविरुद्ध पहिलं बंड केलं ते ऑस्ट्रेलियाच्या ॲनेट केलरमनने. १८८६ साली सिडनीत जन्मलेली ही मुलगी. लहानपणी पाय अधू, त्यांना आधाराच्या पट्ट्या. पायांत बळ यावं म्हणून तिला पोहायला घातलं आणि ती अशी पोहू लागली की पुढे इंग्लंड-अमेरिकेत तिचे खेळ गाजले. ती अंगाला घट्ट बसणारा एकसंध पोशाख घालायची. १९०७ मध्ये बॉस्टनजवळच्या किनाऱ्यावर या पोशाखापायी आपल्याला अटक झाली, असं तिने पुढे सांगितलं. तिचं म्हणणं सरळ होतं: मला पोहायचं आहे. कपडे वाळत घालायची दोरी अंगावर घेऊन पोहता येत नाही. नंतर ती मूकपटांत आली. १९१४ चा 'नेपच्यून्स डॉटर', १९१६ चा 'अ डॉटर ऑफ द गॉड्स' हे तिचे चित्रपट. पडद्यावरच्या जलपऱ्यांची ही मूळ आई.

केलरमनने पोशाख आखूड केला, पण त्याची लांबी ठरवण्याचा हक्क काही बायकांकडे आला नाही. १९२२ साली वॉशिंग्टनमध्ये घेतलेलं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. पोहण्याच्या जागेवर नेमलेला पोलीस गुडघ्यावर वाकून, हातात टेप घेऊन एका तरुणीच्या पोशाखाची किनार आणि गुडघा यांतलं अंतर मोजतो आहे. सहा इंचांपेक्षा जास्त असेल तर गुन्हा. आजूबाजूच्या मुली हसताहेत. पोलीस मात्र गंभीर, शिंप्यासारखा.

हे छायाचित्र पाहिलं की मला दुसरं एक आठवतं. ते २०१६ च्या ऑगस्टमधलं, फ्रान्सच्या नीस शहरातल्या किनाऱ्याचं. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या आहिदा झनेटी या बाईंनी २००४ मध्ये मुसलमान मुलींना खेळता-पोहता यावं म्हणून डोक्यापासून पायापर्यंत झाकणारा 'बुर्किनी' नावाचा पोशाख काढला होता. २०१६ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या तीसेक किनारी गावांनी त्यावर बंदी घातली. छायाचित्रात वाळूवर बसलेल्या एका बाईभोवती चार पोलीस उभे आहेत आणि ती अंगावरचा वरचा कपडा काढते आहे. पुढे त्याच महिन्यात फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने एका गावाची बंदी स्थगित केली. मला स्वतःला बुर्किनी काही सुंदर वाटत नाही, आणि माझ्या घरातल्या मुलींनी तो घालावा असा माझा आग्रहही नाही. पण १९२२ मधला पोलीस म्हणत होता, 'कमी झालं', आणि २०१६ मधला म्हणत होता, 'जास्त झालं'. दोघांनाही बाईला पोहता येतं का, हे विचारावंसं वाटलं नाही.

असो. पडद्याकडे परत येऊ.

पोहणं येणारी आणि पोशाखही शोभणारी अशी नटी एकच झाली, ती एस्थर विल्यम्स. मुळात ती पोहण्याच्या शर्यतींतली विजेती. १९४० ची ऑलिंपिक स्पर्धा महायुद्धामुळे झाली नाही, म्हणून ती जलक्रीडेच्या तमाशांतून सिनेमात आली. तमाशा हा शब्द मी चांगल्या अर्थाने वापरतो आहे. १९४४ मध्ये 'बेदिंग ब्यूटी' आला आणि एम.जी.एम. कंपनीने तिच्यासाठी स्टुडिओत खास तलाव बांधला. पडद्यावर ती पाण्याखाली हसायची. केस विस्कटलेले नाहीत, डोळ्यांतलं काजळ फिसकटलेलं नाही! लोकांना वाटायचं, किती सोपं. तिचं आत्मचरित्र वाचलं की ते किती अवघड होतं ते कळतं. एका चित्रपटासाठी तिला जाड चौकड्यांच्या फ्लॅनेलचा पोशाख दिला. शिवणाऱ्याने तो दिसायला बघितला, भिजल्यावर काय होईल ते नाही बघितलं. तलावात उतरल्यावर फ्लॅनेलने एवढं पाणी प्यायलं की ती तळाकडे ओढली जाऊ लागली. शेवटी पाण्यातच पाठीची चेन उघडून तिने तो पोशाख टाकला आणि जीव वाचवला.

१९५२ चा 'मिलियन डॉलर मरमेड' हा चित्रपट तर केलरमनच्याच आयुष्यावरचा. त्यात एस्थर सोनेरी टिकल्यांचा पोशाख आणि डोक्यावर धातूचा मुकुट घालून पन्नास फुटांवरून सूर मारते. सूर मारतानाच तिच्या लक्षात आलं की मुकुट वाकणार नाही, मान वाकेल. तसंच झालं. मानेचे तीन मणके मोडले, सहा महिने ती प्लास्टरमध्ये होती. तो सूर आजही चित्रपटात आहे. आपण टाळ्या वाजवतो. सोन्यासारख्या त्या पोशाखाची खरी किंमत तिच्या मानेने चुकवली.

मधल्या काळात पोशाखाचे दोन तुकडे झाले होते. पॅरिसच्या लुई रेआर या माणसाने ५ जुलै १९४६ रोजी एका तलावावर तो पहिल्यांदा लोकांना दाखवला. नेहमीच्या मॉडेल मुली तो घालायला तयार होईनात, म्हणून मिशेलिन बर्नार्दिनी या नर्तकीला बोलावलं. पोशाखाच्या कापडावर वर्तमानपत्राची अक्षरं छापलेली होती. बातमी होणार हे रेआरला ठाऊकच होतं. नाव ठेवलं 'बिकिनी'.

या नावापाशी मी नेहमी अडखळतो. बिकिनी हे प्रशांत महासागरातलं एक प्रवाळबेट. रेआरच्या समारंभाच्या चारच दिवस आधी, १ जुलै १९४६ ला, अमेरिकेने तिथे अणुबॉम्बची चाचणी घेतली होती. त्यासाठी मार्चमध्ये तिथल्या १६७ माणसांना बेटावरून हलवण्यात आलं. थोड्या दिवसांसाठी जा, असं त्यांना सांगितलं होतं. नंतर तिथे बॉम्बमागून बॉम्ब फुटले, १९५४ चा हायड्रोजन बॉम्बही तिथलाच. मधल्या काळात काही कुटुंबं परतली, पण माती-पाण्यात विष निघालं, पुन्हा उठावं लागलं. त्या लोकांची वस्ती अजून आपल्या बेटावर नाही. आपल्याकडे धरणात गाव बुडालेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. जगातल्या प्रत्येक भाषेत त्यांच्या गावाचं नाव पोहोचलं, पण गाव म्हणून नाही.

बिकिनीला सिनेमाने मोठं केलं. ब्रिजित बार्दो १९५२ च्या एका फ्रेंच चित्रपटात ती घालून आली, दुसऱ्या वर्षी कानच्या किनाऱ्यावर छायाचित्रकारांसमोर आली, आणि तिचं नाव झालं. मग १९६२ चा 'डॉक्टर नो'. जमैकाच्या किनाऱ्यावर समुद्रातून बाहेर येणारी उर्सुला अँड्रेस, पांढरी बिकिनी, कमरेच्या पट्ट्याला सुरा, हातात शिंपले. जेम्स बाँडच्या त्या पहिल्याच चित्रपटातलं हे दृश्य इतकं गाजलं की २००१ मध्ये लंडनच्या लिलावात ती बिकिनी एकेचाळीस हजार पौंडांवर गेली. मला त्यातली दुसरीच गोष्ट लक्षात राहिली. त्या चित्रपटात उर्सुलाचा आवाज तिचा नाही. तिचे उच्चार पसंत पडले नाहीत, म्हणून संवाद दुसरीकडून बोलून घेतले. कमरेच्या सुऱ्यासकट ती सगळी तिथे आहे, फक्त बोलायला नाही.

आता हिंदी पडदा. १९५१ च्या 'आवारा'त नर्गिसने समुद्रकाठच्या प्रसंगात पोहण्याचा पोशाख घातला होता. त्याची फारशी चर्चा होत नाही, पण मला हा आपल्याकडच्या या प्रकारातला सर्वांत अर्थपूर्ण पोशाख वाटतो. रीटा वकील आहे, जज्जसाहेबांच्या घरी वाढलेली आहे. राज झोपडपट्टीतला, चोर. तिच्या दृष्टीने तो पोशाख म्हणजे रविवारची सहल, त्याच्या दृष्टीने पलीकडचं जग. ती थट्टेने त्याला 'जंगली' म्हणते आणि त्याचा तोल जातो, तो तिच्यावर हात उचलतो. पोशाखावर कॅमेरा रेंगाळत नाही. दोन वर्गांतलं अंतर मात्र त्या पोशाखाने एका क्षणात दिसतं. पुढे हिंदी सिनेमात एवढा विचार करून कुणी पोहण्याचा पोशाख वापरला असं मला आठवत नाही.

१९५८ च्या 'दिल्ली का ठग'मध्ये नूतनने तो घातला तेव्हा लोक गडबडले. कारण नूतन! शोभना समर्थांची मुलगी. शोभनाबाई म्हणजे 'रामराज्य'मधली सीता. लोक त्यांची तसबीर देव्हाऱ्यात ठेवत. त्या सीतेची लेक किशोरकुमारबरोबर पोहण्याच्या पोशाखात. आणि दुसऱ्याच वर्षी तीच नूतन 'सुजाता' झाली, पुढे 'बंदिनी' झाली. आज नूतन म्हटलं की डोळ्यांपुढे साधी सुती साडी येते, 'दिल्ली का ठग' येत नाही. मीनाक्षीबाईंच्या बाबतीत एका दृश्याने बाकी सगळं पुसलं. नूतनच्या बाबतीत बाकी सगळ्याने ते दृश्य पुसलं. अभिनयाची ताकद म्हणा किंवा नशीब म्हणा.

शर्मिला टागोरचं तसं झालं नाही. सत्यजित रायांच्या 'अपूर संसार'मधली अपर्णा, 'देवी'मधली ती भोळी सून. अशी मुलगी मुंबईत आली आणि १९६६ मध्ये 'फिल्मफेअर'च्या मुखपृष्ठावर दोन तुकड्यांच्या बिकिनीत झळकली. दुसऱ्या वर्षी शक्ती सामंतांचा 'ॲन इव्हनिंग इन पॅरिस' आला. लोक या दोन गोष्टींची हमखास सरमिसळ करतात. चित्रपटातला पोशाख एकसंध आहे, निळा. बिकिनी होती ती मुखपृष्ठावर. पण आठवणीला पुराव्याची गरज नसते, तिने बिकिनी चित्रपटात नेऊन घातलीच.

गहजब झाला. संसदेत प्रश्न विचारले गेले, असं शर्मिलाने स्वतः सांगितलं आहे. तिने सांगितलेली दुसरी हकिकत मला जास्त आवडते. तेव्हा मन्सूर अली खान पतौडींशी तिचं जमलं होतं आणि भावी सासूबाई मुंबईत यायच्या होत्या. रस्त्यारस्त्यांवर 'इव्हनिंग इन पॅरिस'ची भली मोठी होर्डिंग, आणि त्यांवर ती पोहण्याच्या पोशाखात. शर्मिलाने खटपट करून होर्डिंग उतरवून घेतली. मासिकाच्या मुखपृष्ठावर देशाला तोंड द्यायला न डगमगलेली मुलगी सासूबाईंपुढे डगमगली! यात हसण्यासारखं काही नाही. देशाबरोबर संसार करायचा नसतो. आणि मग १९६९ मध्ये 'आराधना' आला. पांढऱ्या साडीत, पिकल्या केसांची आई होऊन ती उभी राहिली आणि त्याच प्रेक्षकांनी डोळे पुसले.

'बॉबी' मी उरुसात आलेल्या तंबूत पाहिला, प्रदर्शित झाल्यावर बऱ्याच वर्षांनी. रीळ इतकं झिजलेलं की पडद्यावर कायम पाऊस. लाल बिकिनीतली डिंपल आली आणि तंबूत शिट्ट्यांनी कान बसले. आम्ही पोरंही त्यात होतो. आज तो प्रसंग आठवतो तेव्हा हिशेब मांडावासा वाटतो. चित्रपट १९७३ चा, डिंपलचा जन्म १९५७ चा. म्हणजे चित्रीकरणाच्या वेळी ती पंधरा-सोळा वर्षांची. शाळेतली मुलगी. मीनाक्षीबाई बावीस वर्षांच्या होत्या, नूतनही बावीस, शर्मिलाही विशीतली. त्यांनी हो म्हटलं ते कळून म्हटलं, आणि नंतर त्याचं जे काही झालं ते त्यांनी पेललं. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीचं 'हो' कितपत तिचं असतं? 'बॉबी' गोड चित्रपट आहे यात शंका नाही. पण त्या लाल रंगाविषयी कौतुकाने लिहिणाऱ्यांनी हा हिशेब कधी केला नाही. झीनत अमानविषयी माझ्या मनात असा सल नाही. 'हीरा पन्ना'त, 'कुर्बानी'त ती पोहण्याच्या पोशाखात आली ती आपल्या मर्जीची मालकीण असल्यासारखी.

त्याच राज कपूरांचा १९८५ चा 'राम तेरी गंगा मैली'. धबधब्याखाली मंदाकिनी, अंगावर पांढरी साडी. पाण्याने भिजलेली ती साडी असून नसल्यासारखी होती. 'इव्हनिंग इन पॅरिस'मधला शर्मिलाचा निळा पोशाख तिच्या तुलनेत चिलखत म्हणावा. पण सेन्सॉरने ती पास केली आणि चित्रपट धो धो चालला. कारण काय, तर ती साडी होती! वर नायिकेचं नाव गंगा, मग कोण बोलणार? अत्र्यांनी परदेशी पोशाखाला गवळण दिली होती. इथे कॅमेऱ्याला साडीचा पदर मिळाला. फरक एवढाच की अत्र्यांच्या कथेत हसं होतं ते बघणाऱ्याचं, त्या ढोंगी ब्रह्मचर्याचं. धबधब्याच्या दृश्यात बघणारा सुरक्षित बसलेला असतो.

शर्मिला टागोर २००४ मध्ये केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाच्या, म्हणजे आपल्या बोलीत सेन्सॉर बोर्डाच्या, अध्यक्ष झाल्या आणि २०११ पर्यंत त्या पदावर होत्या. काय दाखवावं आणि काय नाही, याच्या फायली त्यांच्या सहीला जाऊ लागल्या.

आणि मीनाक्षीबाई? चित्रपट कमी झाल्यावर त्या मराठी रंगभूमीवर काम करत राहिल्या. १९९३ साली त्यांची नात नम्रता शिरोडकर मिस इंडिया झाली आणि मेक्सिकोत झालेल्या मिस युनिव्हर्स स्पर्धेत भारतातर्फे उतरली. त्या स्पर्धेत पोहण्याच्या पोशाखाची एक रीतसर फेरीच असते, तिला गुण असतात, परीक्षक असतात. वर्तमानपत्रांनी नातीची छायाचित्रं पहिल्या पानावर छापली, घरोघरी पेढे वाटावेत असं कौतुक झालं. मीनाक्षीबाई तेव्हा सत्त्याहत्तरीकडे झुकल्या होत्या. चार वर्षांनी, १९९७ मध्ये, त्या गेल्या. मृत्यूनंतर आलेल्या लेखांतही 'ब्रह्मचारी'चा आणि त्या पोशाखाचा उल्लेख चुकला नाही.